तिकीट कंपनीचं, किलोचा भुर्दंड आपला
दोन वर्षांनी सुट्टी मिळते, कंपनी तिकीट देते, पण बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्तातलं. सामान किती किलो नेता येईल, हे काउंटरवर गेल्यावर कळतं. मग पोरांची खेळणी, ब्लँकेट तिथंच उघडून काढा, नाहीतर पैसे मोजा. माझ्या मते तीस किलो तिकिटातच धरायला हवेत, ती मेहरबानी नव्हे. तोवर भावांनो, तिकीट हातात पडताच किलो बघा आणि कमी असतील तर तेव्हाच ऑफिसात बोला. वाढीव किलो आधी ऑनलाइन घेतले की काउंटरपेक्षा सहसा स्वस्त पडतात. दोरीनं आवळलेलं गोल गाठोडं दुबईत २०१७ पासून घेत नाहीत, एक बाजू सपाट लागते. एक नग ३२ किलोच्या वर नको; उचलणारा लोडरही आपल्यासारखाच कामगार. वजन रूमवरच करा.