खेळात गेलेल्यांना परत कोण आणणार?

यंदा सहामाही परीक्षेच्या सुमारास नववीच्या बऱ्याच मुलांच्या हातांवर निळ्या शाईच्या तीन रेघा दिसू लागल्या. उत्तरे चोरून नेण्याची ही काही नवी युक्ती असावी, असा आम्हांस प्रथम संशय आला. चौकशीअंती कळले की, त्या रेघा म्हणजे तीन जीव. तोंडी परीक्षेत एक प्रश्न चुकला की एक रेघ पुसायची. तिन्ही पुसल्या की गडी बाद! ही कल्पना मुलांनी 'जुमांजी : वेलकम टू द जंगल' या २०१७ सालच्या इंग्रजी बोलपटातून उचललेली. त्यांच्या आग्रहास्तव आम्ही तो पाहिला आणि, शिक्षकाने कबूल करावे की नाही कोण जाणे, पोट धरधरून हसलो.

कथा अशी. शिक्षा म्हणून चार विद्यार्थ्यांना शाळेच्या तळघरात जुन्या मासिकांच्या टाचण्या काढीत बसवलेले असते. (आमच्या या वार्षिकावर तशी पाळी न येवो!) तेथे त्यांना एक जुना व्हिडिओ गेम सापडतो आणि तो चौघांनाही आत ओढून घेतो. आत प्रत्येकास नवी काया मिळते. भित्रा स्पेन्सर पहाडासारखा वीर होतो. धिप्पाड फ्रिज बुटका होऊन त्याच वीराचे ओझे वाहतो. बुजरी मार्था नाचता नाचता शत्रूंना लोळवते; आणि स्वतःच्या रूपापलीकडे काही न पाहणारी बेथनी चक्क एक लठ्ठ, दाढीवाला, प्रौढ प्राध्यापक होऊन बसते! ज्याच्या त्याच्या गुणांची आणि उणिवांची यादी ठरलेली. चोरीस गेलेले रत्न जग्वाराच्या पुतळ्यास परत बसवले तरच सुटका.

सुलतान बाजारातील मुलांना हे फार अद्भुत वाटू नये. घरी मराठी, दुकानात तेलुगू, रस्त्यावर दखनी अशी काया बदलतच ती वाढतात. या पेठेचे नावही एके काळी रेसिडेन्सी बाजार असे होते; १९३३ साली ती निजाम सरकारकडे परत गेली आणि नवे नाव घेऊन वावरू लागली. आमची स्वतःची मायबोली कोंकणी. वर्गाचा उंबरठा ओलांडताना आम्हीही एक सोंग घेतो, आणि त्या सोंगाच्या उणिवा मुलांना आमच्याहून अधिक ठाऊक असतात.

पण हसण्याच्या भरात एक पात्र नजरेआड होते, ते ॲलेक्सचे. हा मुलगा १९९६ साली खेळात ओढला गेला. आपण येथे काही महिनेच आहोत, असे त्यास वाटते. बाहेर मात्र वीस वर्षे उलटून गेली आहेत, घराची रया गेली आहे, बाप खचला आहे. ॲलेक्स बाहेर का पडत नाही? त्याच्यापाशी एकच जीव उरला आहे. तोही गेला तर, या भयाने तो जंगलातल्या एका खोपटात दडून राहिला आहे. पुढे डास चावून तो मरणाच्या दारी जातो, तेव्हा बेथनी आपल्या श्वासासरशी स्वतःचा एक जीव त्याला देऊन टाकते. सगळ्या मारामारीहून हा प्रसंग आम्हांस मोठा वाटला.

आमच्याकडे ही कथा फार जुनी आहे. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमले आणि आपण कोण हेच विसरले. त्या राज्यात पुरुषास प्रवेश नाही. मग गोरक्षनाथाने काय केले? सीमेवर उभे राहून गुरूच्या नावाने शंख केला नाही. स्त्रीवेष घेतला, नर्तकीच्या ताफ्यात मिसळला, त्यांच्याच दरबारात मृदंग वाजवला आणि त्या मृदंगाच्या बोलांतून गुरूस साद घातली. प्रभात कंपनीने १९३२ साली 'माया मच्छिंद्र' या बोलपटात हीच कथा पडद्यावर आणली होती.

पालकसभेत मात्र आम्ही सारे सीमेवरूनच ओरडतो. मोबाईल काढून घ्या, कुलपात ठेवा! जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर नादास रोगांच्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले आहे, हे आम्ही जाणतो. ज्या मुलाची झोप, अभ्यास, जेवण वर्षभर खेळानेच गिळले आहे, त्यास डॉक्टरकडे नेलेच पाहिजे. आणि एक दोष मोबाईलवरील पुष्कळ खेळांचाच आहे: त्यांना शेवट नाही. आमच्या कोंकणात दशावतारी रात्रभर राजे आणि राक्षस होतात, पण पहाटे दहीहंडी फुटते आणि सोंग उतरते. जुमांजीलाही अंत आहे. मुलाच्या हातातल्या खेळात दहीहंडी फुटतच नाही. ती कोणी तरी फोडावी लागते. पण ती फोडणारा आत गेलेला असावा, असे आमचे मत आहे.

हे मत आम्ही फुकट कमावलेले नाही. गतवर्षी एका विद्यार्थ्याचा मोबाईल आम्ही भर वर्गात हिसकावून घेतला आणि चार शब्द सुनावले. त्यानंतर तो आमच्याशी 'हो' आणि 'नाही' एवढेच बोलू लागला. गणितात तो दोनदा नापास झालेला. खेळात मात्र तीन सवंगड्यांचा नायक, ते त्याच्या सल्ल्यावाचून पाऊल टाकीत नसत. ॲलेक्सची गोष्ट पाहताना हा मुलगा डोळ्यांपुढे आला. शाळेत त्याचा एकच जीव शिल्लक होता, आणि तो पुसायला आम्ही बोट पुढे केले होते.

परवा रविवारी त्याच्या वडिलांच्या दुकानाच्या पायरीवर आम्ही त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि तो खेळ शिकवण्याची विनंती केली. त्याने संशयाने पाहिले, मग मोबाईल आमच्या हाती दिला. गिऱ्हाईके थांबून पाहू लागली. पाच मिनिटांच्या आत आमचे तिन्ही जीव गेले. मुलगा प्रथम ओठ दाबून, मग मोठ्याने हसला आणि कित्येक महिन्यांनी आमच्याशी एक सबंध वाक्य बोलला :

"सर, तुम्ही समोरच बघता, शत्रू डावीकडून येतो."