अ‍ॅड ब्लॉकरची पारख आकड्याने नको

२०२५च्या मध्यावर गूगलने क्रोममधून ‘मॅनिफेस्ट व्ही२’ या जुन्या चौकटीवरची एक्स्टेन्शन्स कायमची बाद केली आणि त्यांच्यासोबत यूब्लॉक ओरिजिनही गेले. त्या जागी कोणी यूब्लॉक ओरिजिन लाइट टाकले, कोणी फायरफॉक्स किंवा ब्रेव्हकडे वळले, कोणी वेब स्टोअरमध्ये पहिले दिसेल ते उचलले. पतसंस्थेचे संगणक सांभाळणाऱ्यांपासून शाळेची लॅब लावून देणाऱ्यांपर्यंत आपल्या सर्वांना तेव्हापासून ग्राहकाचा एक प्रश्न हमखास येतो : नवा ब्लॉकर जुन्याइतका चालतो का? प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याची आपली पद्धत मात्र बदलायला हवी.

सहसा आपण टूलबारवरच्या चिन्हाचा आकडा पाहतो. एकाने चाळीस विनंत्या अडवल्या, दुसऱ्याने बारा, म्हणजे पहिला सरस, असे धरून चालतो. वस्तुस्थिती बरेचदा उलट असते. जाहिरातीची स्क्रिप्ट एकटी येत नाही. ती उतरली की लिलावाची दुसरी स्क्रिप्ट मागवते, ती चार जाहिरात-बाजारांकडे जाते आणि त्यांतला प्रत्येक जण आपापला ट्रॅकर आणतो. पहिलीच स्क्रिप्ट अडली, तर पुढच्या विनंत्या निघतच नाहीत आणि आकडा लहान राहतो. याउलट, अडवलेली एखादी स्क्रिप्ट दर काही सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करत असेल, तर काहीही जास्तीचे न अडवता आकडा फुगत जातो.

ब्लॉकर तपासून टक्के देणाऱ्या पानांचीही हीच गत. ठरावीक डोमेनना विनंत्या पाठवायच्या आणि किती अडल्या ते मोजायचे, एवढेच ती करतात. पण ब्लॉकर ज्या याद्यांवर चालतो त्यांमधले कितीतरी नियम विशिष्ट संकेतस्थळापुरतेच लागू होतात. चाचणीच्या पानावर शंभर टक्के मिळवणारा ब्लॉकर प्रत्यक्ष बातमीच्या पानावर तोकडा पडू शकतो.

ब्लॉकरची खरी ताकद याद्यांत असते. ईझीलिस्ट २००५पासून स्वयंसेवकांच्या कष्टावर उभी आहे. भारतीय भाषांतल्या संकेतस्थळांसाठी इंडियनलिस्ट आहे. या याद्यांतले नियम मुख्यतः दोन जातींचे. ‘||’ या चिन्हाने सुरू होणारा नियम विनंतीच अडवतो : फाइल उतरत नाही, डेटा खर्च होत नाही, ट्रॅकरला तुमचा सुगावा लागत नाही. ‘##’ असलेला नियम पानावरचा तुकडा फक्त लपवतो. तो लपवण्याआधी त्याची विनंती गेली असेल, तर माग काढण्याचे काम होऊन गेलेले असते. डोळ्यांना दोन्ही ठिकाणी सारखेच स्वच्छ पान दिसते. म्हणून ‘जाहिरात दिसत नाही’ हा पुरावा अर्धाच.

पूर्ण पुरावा डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये मिळतो. कॅशे बंद करा, ग्राहक रोज उघडतो तेच पान ब्लॉकरशिवाय लोड करा, मग ब्लॉकर चालू करून पुन्हा लोड करा. तिऱ्हाईत डोमेनकडे किती विनंत्या पोचल्या आणि किती डेटा उतरला, हे दोन्ही वेळचे आकडे शेजारी मांडा. नंतर लॉगिन, पेमेंट, फॉर्म भरणे ही कामे अडत नाहीत ना, तेही बघा. पैसे भरायचे बटणच गायब करणारा ब्लॉकर ग्राहक दुसऱ्या दिवशी काढून टाकतो.

आता ‘मॅनिफेस्ट व्ही३’ या नव्या चौकटीबद्दल. पूर्वी ब्लॉकर स्वतः गेटवर उभा राहून प्रत्येक विनंतीचा निर्णय घेत असे. व्ही३मध्ये तो ब्राउझर नावाच्या वॉचमनकडे यादी देऊन बाजूला होतो. एका एक्स्टेन्शनला किमान ३०,००० स्थिर नियमांची हमी आहे आणि त्यावरचे सामायिक कोट्यातून मिळतात. एका नियमात अनेक डोमेन बसवता येत असल्याने संख्येची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. खरी अडचण वेगाची आहे. एखाद्या साइटने जाहिरातीची रचना बदलली, की जुन्या चौकटीत सुधारलेली यादी परस्पर उतरायची. लाइटमध्ये ती एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीबरोबर येते. रोजच्या वाचनात हा फरक फारसा जाणवत नाही. ब्लॉकरला दाद न देण्याचा चंग बांधलेल्या साइटवर तो लगेच जाणवतो.

एक्स्टेन्शनला प्रत्येक विनंतीवर ताबा देणे धोक्याचे आहे, हा गूगलचा मुद्दा निराधार नव्हता. २०२०मध्ये नॅनो अ‍ॅडब्लॉकर विकला गेला आणि नव्या मालकांनी त्यात वापरणाऱ्यांची माहिती बाहेर पाठवणारा कोड घातला. पण व्ही३मध्येही परवानगी मिळवून विनंत्या पाहण्याची मुभा शिल्लक आहे. गेली ती जागच्या जागी ठरवून अडवण्याची. चोराला हवे ते राहिले आणि पहारेकऱ्याला हवे ते गेले, असेच म्हणावे लागते.

काही गोष्टी मात्र कोणत्याही चौकटीत अवघडच आहेत. ट्रॅकर कंपनी संकेतस्थळाच्याच एखाद्या उपडोमेनमागे सीनेम नोंदीने दडते, तेव्हा ब्राउझरला ती घरचीच वाटते. फायरफॉक्स एक्स्टेन्शनला डीएनएसची चौकशी करू देतो, म्हणून तिथले यूब्लॉक ओरिजिन २०२०पासून हा बुरखा ओळखते. क्रोममध्ये ती सोय नाही. पाय-होलसारखा डीएनएस पातळीवरचा ब्लॉकर अख्ख्या कार्यालयाला पुरतो, पण मजकूर आणि जाहिरात एकाच डोमेनवरून येत असतील तर तो हतबल ठरतो. सर्व्हरवरच व्हिडिओत शिवलेल्या जाहिरातीला तर अडवण्याजोगी वेगळी विनंतीच नसते. या मर्यादा ग्राहकाला आधीच सांगाव्यात.

एवढा खटाटोप केवळ कटकट टाळण्यासाठी नाही. मार्च २०१६मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीसारख्या नामांकित संकेतस्थळांवर जाहिरातींच्या वाटेने घातक कोड पोचला. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने, शोधाच्या निकालांत बनावट जाहिराती देऊन होणाऱ्या फसवणुकीपासून वाचण्यासाठी अ‍ॅड ब्लॉकर वापरा, असा जाहीर सल्ला दिला. बँकेचे नाव शोधून पहिल्या दुव्यावर क्लिक करणारा कारकून आपल्या प्रत्येकाच्या ग्राहकाकडे आहे. त्याच्यासाठी ब्लॉकर हा सुरक्षेचाच भाग आहे.

आपल्यातले अनेक जण जिल्हा दैनिकांची आणि छोट्या पोर्टलची संकेतस्थळेही बांधतात. त्यांचे पोट जाहिरातीवर चालते आणि ब्लॉकरने त्यांचे नुकसान होते, हे खरे आहे. पण वाचकाने ब्लॉकर लावला तो स्थानिक सराफाच्या चित्राला कंटाळून नव्हे. एका बातमीमागे धावणाऱ्या डझनावारी अनोळखी स्क्रिप्टना तो कंटाळला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८मध्ये अ‍ॅक्सेल स्प्रिंगर या प्रकाशनसमूहाचा दावा फेटाळून अ‍ॅडब्लॉक प्लस या ब्लॉकरचा व्यवसाय वैध ठरवला. वाचकाशी कोर्टात भांडून गेलेला विश्वास परत मिळत नाही. स्थानिक जाहिरात स्वतःच्या सर्व्हरवरून, माग न काढणाऱ्या साध्या चित्राच्या रूपात देणे आपल्या हातात आहे. प्रकाशकाला तो पर्याय समजावून सांगणे हेही आपलेच काम आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. जिथे शक्य आहे तिथे फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन द्यावे. क्रोम सोडता येत नसेल तिथे लाइट द्यावे आणि त्याची मर्यादा लेखी कळवावी. विकासक, मालक आणि उत्पन्नाचा स्रोत उघड नसलेले कोणतेही एक्स्टेन्शन ग्राहकाच्या यंत्रावर चढवू नये. आणि येत्या महिन्यात प्रत्येकाने आपल्या निदान एका ग्राहकाच्या संगणकावर नेटवर्क टॅब उघडून ब्लॉकर खरोखर काय अडवतो ते तपासावे आणि त्याची नोंद ग्राहकाच्या हाती द्यावी.