मोजमाप म्हणजे उपचार नव्हे

पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाच्या मनगटावर घड्याळासारखे यंत्र बांधावे, त्याचा लुळा पडलेला हात दिवसभरात किती हलला याची नोंद त्या यंत्रातील सेन्सरने घ्यावी आणि ती नोंद दूरच्या शहरातील तज्ज्ञाने संगणकाच्या पडद्यावर वाचावी, अशा योजना आज मोठ्या उत्साहाने मांडल्या जात आहेत. खेड्यात फिजिओथेरपिस्ट पोचत नसेल तर निदान यंत्र तरी पोचू द्या, असा या उत्साहामागील युक्तिवाद आहे. वरकरणी तो लोककल्याणाचा वाटतो. म्हणूनच त्याची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. यंत्राला विरोध हा समाजवादी विचाराचा पवित्रा कधीच नव्हता. विज्ञानाचे फळ श्रमिकाच्या पदरात पडावे, हीच आपली मागणी राहिली आहे. शिवाय या विशिष्ट यंत्राने एक मोलाचे सत्य उजेडात आणले आहे. निरोगी माणूस दिवसभरात आपले दोन्ही हात जवळजवळ सारखेच वापरतो. पक्षाघातानंतर हा समतोल ढासळतो. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या दोन्ही मनगटांवर सेन्सर बांधून याचा अभ्यास केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. आठवडेच्या आठवडे सराव करून घेतल्यावर दवाखान्यातील चाचणीत रुग्णांच्या हाताची क्षमता वाढली. परंतु घरी, रोजच्या व्यवहारात, त्या हाताचा वापर मात्र वाढला नाही. हात करू शकतो, पण करीत नाही!

असे का व्हावे? एडवर्ड टाउब या मानसशास्त्रज्ञाने याचे एक उत्तर पूर्वीच दिले होते. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत रुग्ण तो हात वापरू पाहतो, अपयशी ठरतो आणि प्रयत्न सोडून देतो. पुढे मेंदू काही प्रमाणात सावरतो, पण तोवर हात न वापरणेच अंगवळणी पडलेले असते. या शास्त्रीय उत्तराला आपल्या समाजस्थितीची जोड दिल्यावाचून चित्र पूर्ण होत नाही. हात वापरायचा तर हाताला काम हवे. भिवंडीचा यंत्रमाग कामगार झटक्यानंतर मागावर परत जाऊ शकत नाही. एका खोलीच्या बिऱ्हाडात तो दिवसभर कोपऱ्यात बसून राहतो आणि घास भरवणेही घरच्यांच्या अंगावर पडते. त्याच्या मनगटावरील यंत्र निमूटपणे शून्याची नोंद करील. ते शून्य केवळ त्याच्या मेंदूचे असेल काय? त्यात त्याच्या घराचे, सुटलेल्या रोजगाराचे आणि तालुक्यात नसलेल्या उपचारकाचे शून्यही मिळालेले असेल. यंत्र मात्र ते सारे एकट्या रुग्णाच्या खात्यावर मांडते.

या व्याधीवर उपचार आहे, हे विसरता कामा नये. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली एकच हालचाल शेकडो वेळा, अर्थपूर्ण कामाच्या निमित्ताने, पुन्हा पुन्हा करणे हा त्या उपचाराचा गाभा आहे. त्याला माणूस लागतो आणि वेळ लागतो. संपन्न राष्ट्रांतही या दोहोंची टंचाई आहे. मेलबर्नच्या रुग्णालयांतील पक्षाघाताच्या रुग्णांचे २००४ साली प्रसिद्ध झालेले निरीक्षण असे, की दिवसाचा निम्म्याहून अधिक काळ ते अंथरुणात होते आणि साठ टक्के काळ एकटे होते. अमेरिका आणि कॅनडातील उपचारसत्रांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत हाताच्या उपयुक्त हालचालींचा सराव एका सत्रात सरासरी अवघा ३२ वेळा होत असल्याचे आढळले. म्हणजे कमतरता मोजमापाची नव्हती, उपचाराची होती.

आपल्या देशात तर याहून कठोर पुरावा उपलब्ध आहे. उपचारकांची उणीव घरच्या माणसांकडून भरून काढता येईल काय, हे पाहण्यासाठी भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. एका गटातील रुग्णांच्या कुटुंबीयांना व्यायाम करवून घेण्याचे शिक्षण देण्यात आले, दुसऱ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत मृत अथवा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के होते. याचा अर्थ कुटुंबीयांची माया कमी पडली असा नव्हे. आधीच घरकाम, मजुरी आणि शुश्रूषा यांच्या ओझ्याखाली वाकलेल्या पत्नीच्या अथवा सुनेच्या माथी आणखी एक बिनपगारी नोकरी मारून प्रशिक्षित उपचारकाची जागा भरता येत नाही, असाच त्याचा अर्थ आपण घेतला पाहिजे. जे काम जित्याजागत्या, प्रेमाच्या माणसाला शिकवूनही साधले नाही, ते मनगटावरचा एक पट्टा साधून देईल, असे कोणत्या तोंडाने सांगितले जाते?

आता शासनाचे धोरण पाहा. २०१८ साली सुरू झालेली पंतप्रधान जन आरोग्य योजना रुग्णालयातील उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देते. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च मात्र १५ दिवसांपुरताच. पक्षाघाताचा रुग्ण महिनोन्‌महिने सावरत असतो! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली खरी, पण त्याच वाक्यात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पळवाट ठेवली. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून शासकीय कर्मचाऱ्याला काढून टाकता येणार नाही, ही तरतूद त्या कायद्यात आहे आणि ती स्वागतार्हच आहे. परंतु हमाल, शेतमजूर, बांधकाम कामगार यांना तिचा काय उपयोग? त्यांच्या हातात काय पडणार, तर यंत्र!

आणि हे यंत्र तरी कितपत डोळस आहे? मनगटावरचा सेन्सर हालचाल मोजतो, हेतू मोजत नाही. भाकरी थापणारा हात आणि एस.टी.च्या धक्क्यांनी हलणारा हात यांतील भेद त्याला सहजी कळत नाही. चालण्याची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. बाजारातील पाऊलमापक बहुधा धडधाकट माणसाच्या चालीवर बेतलेले असतात. पाय ओढीत सावकाश चालणाऱ्याची अनेक पावले ते मोजतच नाहीत. यंत्र घोट्यावर बांधले तर मोजणी सुधारते. पण विकले जाते ते मनगटाचे घड्याळ. ज्याची चाल सर्वांत मंद, त्याच्याच हिशेबात सर्वांत मोठी चूक!

याहून गंभीर प्रश्न या नोंदींच्या मालकीचा आहे. अमेरिकेतील जॉन हॅनकॉक या विमा कंपनीने २०१८ साली आपल्या सर्व आयुर्विमा पॉलिसींना अशा यंत्रांच्या नोंदींशी निगडित सवलतींची योजना जोडल्याचे जाहीर केले. आज सवलत, उद्या दंड, हा व्यापाराचा जुना शिरस्ता आहे. आपल्याकडे चंदीगड, पंचकुला, नागपूर येथील सफाई कामगारांच्या मनगटावर महापालिकांनी जी.पी.एस. घड्याळे बांधली. २०२० साली चंदीगडच्या कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. माणसाला गुलामासारखे बांधून ठेवण्याचा हा प्रकार त्यांनी अचूक ओळखला होता. उपचाराच्या नावाने बांधलेल्या पट्ट्यातील नोंद उद्या मालकाच्या टेबलावर जाणार नाही, याची हमी कोण देणार? २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळे, अधिक कडक संरक्षण नाही. संमती घेतली की काम भागते. अर्धांग लुळे पडलेला, औषधासाठी हात पसरलेला माणूस कोणत्या कागदावर अंगठा उठवण्यास नकार देईल?

तेव्हा आपली भूमिका नि:संदिग्ध असली पाहिजे. सेन्सर येऊ द्यावा, परंतु उपचारकाच्या पाठोपाठ. त्याच्या जागी कदापि नव्हे. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कायम नेमणुकीचा फिजिओथेरपिस्ट हवा. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे किमान सहा महिन्यांचे पुनर्वसन सार्वजनिक योजनेत समाविष्ट झाले पाहिजे. या कामाचा भार आशा सेविकांवर टाकायचा असेल तर त्याचे रीतसर वेतन दिले पाहिजे. सेन्सरची नोंद रुग्णाच्या मालकीची राहावी. ती विमा कंपनीला वा मालकाला देणे हा गुन्हा ठरावा.

कार्यकर्त्यांनी आपापल्या भागात एक साधे काम हाती घ्यावे. गेल्या वर्षभरात पक्षाघात होऊन घरी परतलेल्यांची गाठ घ्यावी आणि रुग्णालय सुटल्यावर उपचारक किती वेळा भेटला, एवढा एकच प्रश्न विचारून उत्तरे लिहून काढावीत. त्यासाठी कसलेही यंत्र लागणार नाही. रुग्णाच्या हाताची मोजणी करू पाहणाऱ्या शासनापुढे आपण ही मोजणी ठेवू आणि तिचा जाब मागू.