धूर आणि सूर

गवयाने काय खावे आणि काय खाऊ नये याविषयी आपल्याकडे जितके नियम सांगितले जातात, तितके बहुधा बाळंतिणीलाही सांगितले जात नसतील. दही नको, चिंच नको, माठातले गार पाणी नको, तळलेल्या पदार्थावर पाणी तर मुळीच नको. भजनाच्या बैठकीत चिवड्याची ताटली नम्रपणे परत करणारे गायक मी पुष्कळ पाहिले आहेत. मात्र मध्यंतर होताच त्यांतलेच काहीजण ओसरीवर जाऊन बिडी पेटवतात आणि त्यात कोणाला विसंगती जाणवत नाही. उलट, ‘धुराने गळा शेकला जातो, आवाजाला घेर येतो’ असे एक समर्थनही तयार असते. या समर्थनात खरे किती आणि खोटे किती, याचा थोडा विचार या महिन्यात करू.

आपल्या संगीतशास्त्राने श्वासाचे मोल फार पूर्वी ओळखले होते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात नादाच्या उत्पत्तीची प्रक्रिया सांगितली आहे. मन देहातल्या अग्नीला चेतवते, अग्नी वायूला प्रेरणा देतो आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ असा वर चढत नादरूपाने प्रकट होतो. ‘नाद’ शब्दातील ‘न’ म्हणजे प्राण व ‘द’ म्हणजे अग्नी, अशी त्याची फोडही शास्त्रकारांनी केली आहे. बिडी ओढणाराही अग्नी आणि वायू एकत्र आणतोच; फक्त त्या संयोगातून नाद न होता काजळी होते.

आमच्या बऱ्हाणपुराचे या दोन्ही गोष्टींशी जुने नाते आहे. सोळाव्या शतकात फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने पुंडरीक विठ्ठलाने ‘सद्रागचंद्रोदय’ हा रागशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. पुढे अकबराचा पुत्र दानियाल दक्षिणेचा सुभेदार म्हणून येथे राहू लागला. त्याच्यासाठी विजापूरची राजकन्या आणण्याच्या कामगिरीवर गेलेल्या असद बेगाने परतताना तंबाखू बरोबर नेली आणि १६०४-०५ च्या सुमारास अकबरापुढे रत्नजडित हुक्का ठेवला. दरबारी हकिमाने हरकत घेतली. या वस्तूचा आपल्या ग्रंथांत उल्लेख नाही, तेव्हा ती घेऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. जहांगीराने १६१७ मध्ये धूम्रपानावर बंदी घातली, ती कोणी मानली नाही. चारशे वर्षांनी हकिमाची शंका खरी ठरली आहे. ग्रंथ मात्र आता भरपूर झाले आहेत.

हे समजण्यासाठी गळ्यात होते काय, ते पाहू. आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. पुरुषाच्या स्वरतंतूची लांबी सुमारे दोन सेंटिमीटर, स्त्रीच्या त्याहून कमी. गाताना हे तंतू सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांवर मिटतात आणि उघडतात. जिवंत माणसाच्या गळ्यात हे दृश्य आरशाच्या साहाय्याने नीट पाहून त्याचा अभ्यास मांडला तो कोणा वैद्याने नव्हे, तर मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने, १८५५ मध्ये. या तंतूंच्या पातळ आवरणाखाली मऊ, लिबलिबीत असा एक थर असतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ राइन्के याने १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. आवाजाची सगळी लवचिकता, मींड, मुरकी आणि हळुवार स्वर या थराच्या मऊपणावर अवलंबून असतात.

वर्षानुवर्षे गरम, कोरडा आणि विषारी धूर जात राहिला की नेमक्या याच थरात पाणी साचते. तंतू फुगतात, जड होतात. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड असते म्हणून ती खाली बोलते, हे सर्वांना ठाऊक आहे. जड झालेला स्वरतंतूही तसाच संथ कंप पावतो आणि आवाज खाली उतरतो. ‘घेर आला’ असे आपण म्हणतो तो हा उतार होय. खाली मिळाल्यासारखे वाटते, पण वर त्याची किंमत मोजावी लागते. तारसप्तकातील हळुवार स्वर प्रथम जातात, मग मींड मध्येच तुटू लागते. सुजलेल्या कडा नीट मिटत नाहीत, त्यामुळे हवा गळते आणि एका दमात पुरी होणारी तान दोन दमांत घ्यावी लागते. स्त्रियांच्या बाबतीत हा उतार लवकर ध्यानात येतो. दूरध्वनीवर पलीकडचा माणूस त्यांना ‘काका’ म्हणू लागतो.

अमेरिकेतील प्रख्यात गायक नॅट किंग कोल याची अशीच समजूत होती की, धूम्रपानामुळे आपल्या आवाजाला मखमली खर्ज लाभतो. तो अखंड सिगारेटी ओढी. १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला.

आपल्या भागात मात्र दाखला दिला जातो तो कुमार गंधर्वांचा. ‘कुमारजी एका फुप्फुसावर गायले, मग आमच्या दोन बिड्यांनी काय होते?’ हा प्रश्न माळव्यापासून निमाडापर्यंत मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. क्षयाने ग्रासलेले कुमारजी १९४८ मध्ये देवासला आले आणि कित्येक वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचे नवे औषध मिळाले, पत्नी भानुमतीबाईंनी अपार शुश्रूषा केली आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. पुढची चार दशके, १९९२ पर्यंत, त्यांनी जे गाणे दिले ते आपण जाणतोच. पण या उदाहरणाचा अर्थ आपण उलटा लावतो. ज्याच्यावर आपत्ती कोसळली, त्याने उरलेला श्वास कृपणाच्या धनासारखा जपला आणि वर्षानुवर्षे मौन पाळले. आपण आपला धडधाकट श्वास स्वहस्ते जाळावा, यासाठी त्यांचे नाव घेणे न्यायाचे नाही. संस्कृतात ‘व्यसन’ या शब्दाचा एक अर्थ ‘संकट’ असाही आहे. कुमारजींवरचे संकट न मागता आले होते. आपण ते पानठेल्यावर पैसे मोजून घेतो.

आता सोडण्याविषयी. कारण खरा पेच तेथेच आहे. आमच्या बुधवाऱ्यातील एक भजनी गृहस्थ पंचावन्नच्या घरात आहेत. तीस वर्षे यंत्रमागावर काम केले; तेथे खडखडाटावर ओरडून बोलावे लागते, कापसाची धूळ वेगळीच, आणि सोबतीला बिडी. पूर्वी त्यांचा षड्ज काळी एकवर असे. पेटीवाल्याने कोणाच्या नकळत तो पांढरी सातवर आणला, आणि ऐकणाऱ्यांनी त्याला वयाचे गांभीर्य मानले. एका आषाढीला त्यांनी बिडी सोडली. पंधरवड्यात खोकला दुप्पट झाला, कफ सुटू लागला, आवाज अधिकच फाटला. ‘बिडी होती तोवर गळा मोकळा तरी होता’, असे म्हणून ते पुन्हा पानठेल्याकडे वळण्याच्या बेतात होते.

असे का होते? आपल्या श्वासनलिकेत सूक्ष्म केसांचे आच्छादन असते. धूळ आणि कफ ते केरसुणीप्रमाणे वर ढकलीत असते. धुराने ही केरसुणी लुळी पडते. धूर थांबला की ती पुन्हा हलू लागते आणि वर्षांचा साचलेला केर बाहेर काढू लागते. त्यामुळे काहींचा खोकला आरंभी वाढतो. हा खोकला बिघाडाचा नसून सफाईचा असतो, आणि काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत, तो ओसरतो. रक्तातला विषारी कार्बन मोनॉक्साइड तर एक-दोन दिवसांतच उतरतो. पहिले दोन ते चार आठवडे चिडचिड, झोप न लागणे, चित्त न लागणे हे सोसावे लागते. नेमके याच काळात मनुष्य परत फिरतो, आणि दोष मात्र सोडण्याला देतो.

आवाज पूर्ववत होतो का? याचे प्रामाणिक उत्तर असे की, सूज थोडी असेल तर पुष्कळसा होतो. सूज जुनी आणि जाड झाली असेल तर ती आपोआप पुरती जात नाही. कधी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि त्यानंतर बिडी चालू ठेवल्यास सूज परत येते. आमच्या गृहस्थांना घरच्यांनी व पेटीवाल्याने धीर दिला. वर्षभराने त्यांचा षड्ज पांढरी एकवर स्थिरावला आहे. तरुणपणीचा तारसप्तकातला पंचम आला नाही. परंतु अभंगाचे एक चरण एका दमात पुरे होते, आणि कडव्यांच्या मध्ये खोकण्यासाठी थांबावे लागत नाही.

मधल्या काळात रियाज बंद करू नये, पण पट्टी खाली घ्यावी, मंद्र-मध्यातच गावे आणि ओरडणे टाळावे. खाकरून गळा साफ करण्याने तंतूंवर आघात होतो. त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे. ज्येष्ठमध आणि खडीसाखर घशाला आराम देतात, पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेतून जाते, स्वरतंतूंना ती स्पर्शही करीत नाही. वाफ मात्र तेथवर पोचते. ‘मी ओढत नाही, नुसती खातो’ म्हणणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. सुपारी आणि गुटख्याने गालाची आतली त्वचा आखडते आणि तोंड उघडेनासे होते. ज्याचे तोंड दोन बोटे उघडत नाही, त्याने आकार कसा लावावा? मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली ती उगीच नव्हे. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर काढे करीत न बसता नाक-कान-घसा तज्ज्ञाला दाखवावे. स्वरयंत्राचा कर्करोग आरंभी घोगरेपणानेच बोलतो, आणि आरंभी तो बरा होऊ शकतो. व्यसन सोडण्यासाठी सरकारची निःशुल्क सल्लासेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे.

‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ या प्रश्नालाही उत्तर आहे. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौतीस हजारांवर ब्रिटिश डॉक्टरांची १९५१ पासून पन्नास वर्षे नोंद ठेवली व २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिशीत धूम्रपान सोडणाऱ्याला सुमारे दहा वर्षांचे, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीतही तीन वर्षांचे आयुष्य परत मिळते, असे त्यात दिसले.

ही तीन किंवा सहा वर्षे आपल्यासारख्या घरांना थोडी नाहीत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मुलांची शाळा हिंदीत वा इंग्रजीत होते. बाजार हिंदीत, खेळ हिंदीत. त्यांच्या कानी घडीव मराठी पडते ती बहुधा आजोबांच्या आरतीतून, आजीच्या ओवीतून, एकादशीच्या भजनातून. गाणाऱ्याच्या मांडीशी बसलेले नातवंड त्याचा सूर उचलते, त्याचे उच्चार उचलते, आणि त्याच्या खिशातली वस्तूही टिपून ठेवते. यांतले काय त्याच्या हाती द्यायचे, हे गाणाऱ्यानेच ठरवायचे आहे.