लाकूड कोणते?

कला शाखेच्या मुलीने बुरशीवर मत द्यावे हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. वाटो.

श्रावणात कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. परसात सरपणाच्या ढिगात तळाचे एक लाकूड भिजून काळवंडले होते आणि त्यावर मोहरीएवढे पिवळे पेले उगवले होते. तुकडा कागदात गुंडाळून संभाजीनगरला आणला नि वसतिगृहातल्या बी.एस्सी.च्या मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, "असले पिवळे पेले पुष्कळ. नुसत्या रंगावरून नाव ठरत नाही."

तिने ब्लेडने पेल्याचा पातळ काप घेऊन पाण्याच्या थेंबात ठेवला. सूक्ष्मदर्शकाला मी प्रथमच डोळा लावला. दाटीने उभ्या नळ्या आणि एकेका नळीत ८ बीजाणू, शेंगेतल्या दाण्यांसारखे! त्यांची लांबी-रुंदी मोजायची, आत तेलाचे थेंब किंवा आडवे पडदे आहेत का ते पाहायचे, मग आयोडीन सोडून नळीचे टोक निळे होते का ते तपासायचे. युरोपात ॲशची झाडे मारणारी एक बुरशी आणि तिची निरुपद्रवी बहीण यांचे पेले दिसायला सारखेच. फरक सापडतो तो नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक आकड्यात.

एवढे झाल्यावर मैत्रिणीने विचारले, "लाकूड कोणते?" यांतल्या कित्येक बुरशा ठराविक झाडांवरच वाढतात, म्हणून झाड कळले की शोध आटोपशीर होतो. पुस्तकात त्या झाडाला 'यजमान' म्हणतात. (यजमान मेलेला असला तरी मान कायम!)

मला सांगता येईना. ज्या घरात रोज तेच लाकूड जळते त्या घरातली मी! आईने मला कधी मोळीला नेले नाही. "तू पुस्तक धर," म्हणायची. शेवटी तिलाच फोन केला.

"साल पांढुरकी, गुळगुळीत हाय का? पापुद्रे निघत्यात? मंग धावडा. कुऱ्हाडीचा दांडा त्याचाच."

मी चिठ्ठीवर 'धावडा' लिहिले. मैत्रिणीने हरकत घेतली: गावागणिक नावे बदलतात, पान हवे. ते मला पटले. पण आईचे सांगणे ही 'ऐकीव माहिती' म्हणून खोडावी, हे पटले नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा बुरशीसंग्रह आहे. असल्या संग्रहात नमुना कोठे, केव्हा, कशावर मिळाला हे नोंदवावेच लागते. मग 'कशावर' हे ज्याने ओळखले त्याचेही नाव लिहावे. आणि आपल्या महाविद्यालयाने पावसाळ्यात एक दिवस तरी प्रयोगशाळा आम्हा कलावाल्यांना उघडावी. सालींची, लाकडांची नावे गावोगाव विचारून आणणे मराठीच्या विद्यार्थ्यांना का जमू नये?

दिवाळीत आईने मला ते झाड दाखवले. त्याचे पान माझ्या इतिहासाच्या पुस्तकात दाबून ठेवले आहे. बुरशीची जात अजून ठरलेली नाही; मोजमापे मैत्रिणीच्या वहीत आहेत. आई दर फोनला विचारते, "निघालं का गं नाव?"