पुसण्याआधी वाचा

धारवाडला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा बेंगळूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात नोकरीला आहे. आजोळी आला की मराठी, घरी गेला की कन्नड आणि साहेबांपुढे इंग्रजी, असा त्याचा तीन भाषांचा संसार. घाबरला की मात्र कन्नड आधी तोंडात येते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेबाराला त्याचा फोन आला. "मामा, येन माडली?" एवढंच म्हणाला आणि माझ्या पोटात धस्स झालं.

अपघात वगैरे काही नव्हता. एक यंत्र बंद पडलं होतं. मी कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस, बंद पडलेल्या यंत्रावर काय बोलणार? पण थोडं ऐकल्यावर कळलं, की त्याला यंत्राबद्दल विचारायचंच नव्हतं.

त्याचं काम असं. टीव्हीत, मिक्सरमध्ये, गाडीच्या मीटरमध्ये जो हिरवा सर्किट बोर्ड असतो, तो तयार झाला की तपासावा लागतो. त्यासाठी एक साचा असतो. साच्यात स्प्रिंगवर बसवलेल्या शेकडो बारीक सुया असतात. बोर्ड वर ठेवून दाबला की प्रत्येक सुई आपापल्या ठरलेल्या बिंदूला टेकते आणि यंत्र एकेक भाग मोजत जातं. कुठे जोड सुटला आहे का, कुठे दोन तारा चिकटल्या आहेत का, सगळं काही सेकंदांत. या साच्याला इंग्रजीत खिळ्यांची शय्या म्हणतात. मला भीष्मांची शरशय्या आठवली. फरक एवढाच, की इथे रोज हजारभर भीष्म झोपून उठतात.

यंत्र नुसतं 'पास' किंवा 'नापास' सांगून थांबत नाही. बोर्डाचा नंबर, तपासणी सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि निकाल हे सगळं ते एका फाइलीत लिहून ठेवतं. तिला लॉग म्हणतात. हा शब्द जहाजावरून आला. पूर्वी खलाशी दोरीला लाकडाचा ओंडका बांधून समुद्रात सोडत आणि जहाजाचा वेग मोजत. ते आकडे ज्या वहीत लिहायचे ती लॉगबुक. आपल्या भाषेत सांगायचं तर यंत्राची कीर्दच. झालेला व्यवहार त्याच दिवशी, त्याच क्रमानं लिहायचा.

एरवी ही कीर्द आटोपशीर असते. एका बोर्डामागे तीन केबी. पण नवीन प्रकारचा बोर्ड आला की पहिले काही दिवस यंत्राला 'सगळं लिही' असं सांगतात, म्हणजे चूक कुठे होते ते शोधता येतं. मग बाराशे मोजण्यांची प्रत्येक ओळ फाइलीत जाते. एक ओळ साठ बाइट धरली तर एका बोर्डामागे ७२ केबी, म्हणजे नेहमीच्या चोवीस पट. दिवसाला १४०० बोर्ड, म्हणजे रोज सुमारे १०० एमबी. चाळीस दिवसांत चार जीबी. त्या यंत्राची डिस्क जुनी आणि लहान, त्यात आधीचा पसारा. त्या रात्री ती तुडुंब भरली. लिहायला जागा नाही म्हणून यंत्रानं तपासणीच थांबवली.

पण यंत्र काही एका रात्रीत आजारी पडलं नव्हतं. प्रत्येक नवा बोर्ड आला की हा पूर्वी येऊन गेला आहे का, हे ते त्याच फाइलीत शोधायचं. फाइल फुगत गेली तसा शोध लांबत गेला. त्यात रोज रात्री अकराला ती अख्खी फाइल मुख्य संगणकावर उतरवली जायची. पूर्वी हे काम चटकन उरकायचं. आता ते रात्रभर रेंगाळायचं आणि तेवढा वेळ यंत्र धापा टाकायचं. दिवसपाळीला चाळीस सेकंदांचे पंचेचाळीस झाले, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. रात्रपाळीला चाळिसाचे साठ झाले.

रात्रपाळीला त्या यंत्रावर एक मुलगी काम करते. गदगकडची, लग्न ठरलेली, घरी पैसे पाठवणारी. तिचे बोर्ड कमी भरतात, ती मन लावून काम करत नाही, असा मेमो तिला आदल्या आठवड्यातच मिळाला होता. दुसरा मिळाला असता तर नोकरी गेली असती.

आता भाच्याची अडचण. सुपरवायझरनं फोनवर सांगितलं, "फाइल उडव, यंत्र सुरू कर, घरी जा." एका मिनिटाचं काम. पण उडवण्यापूर्वी त्यानं ती फाइल उघडून पाहिली. ओळी दाट कुठल्या दिवसापासून झाल्या ते शोधलं. तारीख पाहिली आणि त्याचे हातपाय गार पडले. 'सगळं लिही' हे बटण त्या दिवशी त्यानंच दाबलं होतं आणि नंतर बंद करायला तो विसरला होता. फाइल उडवली की त्याची चूकही उडाली. कुणाला पत्ता लागला नसता. आणि त्या मुलीचा मेमो तसाच राहिला असता.

मी त्याला उपदेश केला नाही. रात्री साडेबाराला उपदेश पचत नाही. एवढंच म्हटलं, "आधी एक प्रत काढून ठेव. पुसायचं की नाही ते सकाळी ठरव." आमचे आजोबा दुकानाचे जुने कागद फाडण्याआधी एकदा वाचायचे, तेवढीच माझी विद्या.

त्यानं पुढे जे केलं ते मात्र त्याचं स्वतःचं. फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवली, प्रत नीट उघडते का ते पाहिलं, मगच यंत्रावरची जागा मोकळी केली. मग प्रत घेऊन बसला. प्रत्येक बोर्डाची सुरुवात आणि शेवट फाइलीत सेकंदासकट होता. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा वेळ यंत्राचा. एक बोर्ड संपून दुसरा सुरू होईपर्यंतचा वेळ माणसाच्या हाताचा. त्यानं दोन्ही वेगळे काढले. यंत्राचा वेळ चाळिसावरून साठवर गेला होता. त्या मुलीच्या हाताचा वेळ पहिल्या दिवशी आठ सेकंद होता आणि शेवटच्या रात्रीही आठच.

सकाळच्या मीटिंगमध्ये त्यानं तो कागद ठेवला आणि बटणाचंही सांगितलं. त्याला भरपूर बोलणी बसली. मेमो मागे घेतला गेला.

असल्या चुका मोठमोठ्यांच्याही होतात. नासाची स्पिरिट ही गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली आणि अठराव्या दिवशी गप्प झाली. पुन्हापुन्हा बंद होई, चालू होई. कारण काय, तर प्रवासात साठलेल्या फाइलींची संख्या इतकी झाली होती, की त्यांची यादी सांभाळायलाच स्मरणशक्ती पुरेना. तिथेही शास्त्रज्ञांनी आधी दुखणं समजून घेतलं, नको त्या फाइली काढल्या आणि मगच साठवणीची जागा कोरी केली. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी मार्च २०१० पर्यंत बोलत राहिली.

भाच्याच्या खात्यात आता नियम झाले आहेत. रोज नवी फाइल. जुनी दाबून लहान करायची आणि दुसऱ्या संगणकावर हलवायची. डिस्क ऐंशी टक्के भरली की यंत्रानंच ओरडायचं. किती वर्षं जपायचं ते ग्राहकाशी झालेल्या करारात पाहायचं. आणि 'सगळं लिही' हे बटण दाबलं, तर ते कधी बंद करणार ती तारीख शेजारच्या पाटीवर लिहायची. ऐकून मला हसू आलं. दिवाळीत नवी वही पुजायची, जुनी बासनात बांधून माळ्यावर टाकायची, हेच तर आमच्या दुकानात चालायचं.

नंतर मी धारवाडला गेलो तेव्हा ही गोष्ट त्याच्या अज्जांसमोर निघाली. ते आत गेले आणि एक जुनं कडत घेऊन आले. आज कन्नडमध्ये सरकारी फाइलीला कडत म्हणतात, पण मूळ कडत म्हणजे कापडाची घडीची वही. कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड चोपडायची, काळं झालं की वाळवायचं आणि पांढऱ्या बळपानं त्यावर हिशेब लिहायचा. ओल्या फडक्यानं पुसलं की पुन्हा कोरं. मार्क विल्क्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१० मध्ये म्हैसूरच्या इतिहासात या वह्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. मी हातात घेतलं तेव्हा एका घडीवर जुने आकडे अजून दिसत होते.

आमच्याकडची वही पुसता येत नाही, त्यांच्याकडची पुसता येते. घराला दोन्ही लागतात. सगळंच जपलं तर यंत्र बंद पडतं. सगळंच पुसलं तर गदगच्या मुलीची नोकरी जाते.

कडत घडी करता करता अज्जा नातवाला म्हणाले, "अळिसबेड, मोदलु ओदु." पुसू नकोस, आधी वाच. भाचा काही बोलला नाही. त्यानं ते कडत त्यांच्या हातून घेतलं आणि आत नेऊन जागेवर ठेवलं.