संसारोपयोगी शास्त्र : मोटारघराच्या टपावरचें शीतयंत्र

वैशाख लागला म्हणजे कंधारची दुपार कशी असते, हें नांदेड जिल्ह्यांतील वाचकांस सांगावयास नको. पारा ४० अंशांच्या वर जातो, मन्याडकांठची काळी जमीन भेगाळते आणि किल्ल्याच्या खंदकावरून येणारा वारा देखील झळ घेऊनच येतो. मराठवाड्यांतील जुन्या माणसांनीं या उन्हावर आपला उपाय शोधिला होता. जाड भिंती, वर मातीचें माळवद, लहान खिडक्या आणि ऐपत असल्यास दारास वाळ्याचा ओला पडदा. मातीचा थर सावकाश तापतो, आणि तो तापून उष्णता आंत उतरेपर्यंत सूर्य मावळावयास येतो, हें त्या रचनेंतील मर्म होय. परंतु घरच चाकांवर बसवून प्रवासास निघावयाचें म्हटलें म्हणजे माळवद बरोबर नेतां येत नाहीं. तेथें पातळ पत्रा आणि त्याखालचें अस्तर, एवढाच काय तो आडोसा.

अशीं फिरतीं घरें आतां आपल्याकडेहि अगदींच अपरिचित राहिलीं नाहींत. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून हा शब्दहि मराठी कानांस सरावला आहे. आमच्या परिचयाच्या कंधार येथील एका एकत्र कुटुंबाकडे परदेशी धर्तीवर बांधलेलें एक जुनें मोटारघर आहे. घरांत ऐंशी वर्षांच्या आजी, तीन भाऊ, त्यांच्या बायका व लहान मुलें. आजींस रेल्वेचे जिने चढवत नाहींत. म्हणून माहूर, तुळजापूर, पंढरपूर या यात्रा त्यांस याच गाडींतून घडतात. यंदा पाडव्याच्या सुमारास टपावरचें यंत्र नुसता वारा देऊं लागलें, गारवा कांहीं देईना. थोरले बंधु म्हणाले, दुरुस्त करूं, धाकटे म्हणाले, नवेंच बसवूं, आणि आजी म्हणाल्या, “माझ्यासाठीं एवढा खर्च कशाला? मी घरींच बरी.”

या तिसऱ्या मताचा विचार प्रथम केला पाहिजे. वृद्धांस ऊन अधिक बाधतें, याचें कारण वयपरत्वें घाम कमी येतो आणि तहानेची जाणीवहि मंदावते. तापलेल्या पत्र्याच्या गाडींत त्यांस चार तास बसविणें धोक्याचें आहे. तेव्हां येथें शीतयंत्र ही चैन नव्हे. आजींची यात्रा व्हावी कीं नाहीं, हाच खरा प्रश्न आहे.

शीतयंत्र थंडी निर्माण करितें, असा सामान्य समज आहे. वस्तुतः तें आंतील उष्णता उचलून बाहेर टाकितें, इतकेंच. आपल्या देशांत १९३४ सालीं मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला थंड हवेचे डबे जोडले गेले, त्यांत तर यंत्रहि नव्हतें. डब्याच्या तळाशीं बर्फाच्या लाद्या ठेवीत, पंख्यानें हवा त्यांवरून फिरवीत आणि वाटेंतील स्थानकांवर नवा बर्फ भरीत. आजहि आपण यंत्राची शक्ति ‘टनां’त मोजतों, ती या बर्फाचीच आठवण होय. सुमारें ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उचलणारें यंत्र एक टनाचें. मोटारघराच्या टपावरचें यंत्र बहुधा एक ते सव्वा टनाचें असतें.

मग साधा कूलर कां नको, असें कोणी विचारील. कंधारच्या कोरड्या उन्हाळ्यांत घरच्या खिडकींतील कूलर उत्तम काम देतो, कारण पाण्याची वाफ होतांना हवा थंड होते. परंतु त्यास एका बाजूनें कोरडी हवा आंत यावी लागते व दुसऱ्या बाजूनें दमट हवा बाहेर जावी लागते. बंद गाडींत दहा माणसें बसलीं कीं दमटपणा सांचतो, आणि प्रवासांत पाणीहि मोजूनमापून वापरावें लागतें. कोंकणांत उतरल्यावर तर तेथील दमट हवेंत कूलर जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

आतां थोरल्या बंधूंचें मत पाहूं. यंत्र गारवा देईना म्हणजे तें मेलेंच, असें नाहीं. प्रथम आंतील जाळी काढून धुवावी. मग टपावरील झांकण काढून मागील नळ्यांच्या पातळ पत्र्यांत धूळ बसली आहे का, तें पाहावें. आमच्या भागांतील धुळीनें तीं छिद्रें बुजून जातात व उष्णता बाहेर पडूं शकत नाहीं. कंप्रेसर नुसताच घुमून बंद पडत असेल, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. ही वस्तु स्वस्त असून मेकॅनिक ती थोड्या वेळांत बदलतो. मात्र वीज तोडल्यावरहि तिच्यांत विद्युत् सांठून राहते, म्हणून घरच्या हौशी माणसानें तीस हात लावूं नये. परंतु गॅसच गळला असेल, तर गोष्ट निराळी. टपावरच्या यंत्रांतील गॅसच्या नळ्या बहुधा कारखान्यांतच बंद केलेल्या असतात. त्यांत पुन्हां गॅस भरण्याची सोय क्वचितच असते. गळती शोधून, तोंड बसवून भरलेला गॅस पुढील उन्हाळ्यांत पुन्हां जाण्याचा संभव मोठा. अशा वेळीं धाकट्यांचेंच मत ग्राह्य मानावें लागतें.

नवें यंत्र घेण्यापूर्वीं फीत घेऊन टपावर चढावें. परदेशी पद्धतीच्या मोटारघरांत टपास १४ इंच लांब व तितकेंच रुंद असें चौकोनी भोंक असतें, आणि बहुतेक यंत्रें त्यावरच बसतात. आपल्याकडील बसगाड्यांवरचीं कित्येक यंत्रें मात्र गाडीच्या इंजिनावर चालतात. तीं निराळ्या जातीचीं, त्यांची अदलाबदल होत नाहीं. यंत्राचें वजन ३५ ते ४५ किलो भरतें. जुनें यंत्र उतरविल्यावर भोंकाच्या कडेचें लांकूड बोटानें दाबून पाहावें. तें मऊ लागलें, तर कित्येक पावसाळे पाणी मुरत होतें असें समजावें व आधीं टप दुरुस्त करावा. यंत्राखालची रबरी गादी नवीच घालावी. आंतून चार बोल्ट आवळतांना ते सारखे व बेतानेंच आवळावे. गादी निम्मी दबली म्हणजे पुरे. फार आवळल्यास ती चिरडते आणि मृगाच्या पहिल्या सरीला पाणी थेट अंथरुणावर येतें.

विजेचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. असें यंत्र चालतांना १,२०० ते १,६०० वॅट वीज घेतें आणि सुरू होतांना क्षणभर त्याच्या कित्येक पट. अमेरिकन बनावटीचें यंत्र ११५ व्होल्टचें असतें, तें आपल्या २३० व्होल्टवर लावल्यास तत्काळ जळून जाईल. नव्या यंत्रानें गाडीची उंची किंवा नोंदणीपुस्तकांतील अन्य तपशील बदलणार असेल, तर परिवहन कार्यालयाची संमति आधीं घ्यावी. जुन्या यंत्रांत आर-२२ नांवाचा गॅस असल्यास तो हवेंत सोडूं नये. पृथ्वीभोंवतालच्या ओझोनच्या थरास तो अपाय करितो, आणि १९८७ च्या माँट्रियल कराराअन्वयें तो जगांतून हळूहळू काढून टाकला जात आहे.

याहूनहि गंभीर गोष्ट जनरेटरची. डिसेंबर २०२४ मध्यें केरळांत वडकरा येथें रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्यें दोघेजण मृतावस्थेंत आढळले. जनरेटरमधील कार्बन मोनॉक्साइड वायु गाडींत शिरल्यानें तो अनर्थ ओढवला, असें तपासांत निष्पन्न झालें. या वायूस वास नाहीं, रंग नाहीं. झोपलेल्या माणसास तो जागें होण्याची संधीहि देत नाहीं. म्हणून गाडींत कोणी निजलें असतां जनरेटर किंवा इंजिन चालवून गारवा घेऊं नये. रात्रीं मुक्कामाच्या ठिकाणची वीज घ्यावी. ती नसेल, तर खिडक्या उघडून पंख्यावर निभवावें. या वायूची सूचना देणारें लहानसें यंत्र बाजारांत मिळतें. तें नव्या शीतयंत्राबरोबरच विकत घ्यावें.

कंधारच्या त्या कुटुंबानें मेकॅनिकास बोलाविलें, तेव्हां गॅस गळल्याचें आढळलें आणि टपाचें लांकूडहि एका कोपऱ्यांत कुजलेलें निघालें. तिघां भावांनीं वर्गणी करून टप नीट केला, त्यास पांढरा रंग दिला, आणि मग नवें यंत्र चढविलें. पांढऱ्या रंगानें ऊन बरेंचसें परत फिरतें, त्यामुळें यंत्रावरचा भार हलका होतो. धाकट्या सूनबाईंनीं आणखी एक नियम घालून दिला आहे: सकाळीं दहाच्या आंत मुक्काम गांठावयाचा, गाडी लिंबाच्या सावलींत उभी करावयाची, आणि दुपारीं प्रवास नाहीं. आजींनीं खर्चाचा आंकडा दोनदां विचारला, दोन्ही वेळां तो कमी करून सांगण्यांत आला, आणि पुढील एकादशीस पंढरपूरास निघण्याचें ठरलें आहे.